हाया भट्टीचं तापमान आणि फॉरवर्डची वाफ

‘व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या हाया लोकांनी २००० वर्षांपूर्वी १८०० अंशांवर पोलाद वितळवलं. युरोपला ते १९व्या शतकापर्यंत जमलं नाही. ही विद्या पुढे लोप पावली.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. तो निव्वळ थाप नाही, म्हणूनच त्याला उत्तर द्यावं लागतं.

१८०० अंश प्राचीन भट्टीत मोजलेले नाहीत, मोजता येणारही नाहीत. पुरातत्त्वज्ञ पीटर श्मिट आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक डोनाल्ड एव्हरी यांनी १९७०च्या दशकात वायव्य टांझानियातल्या वृद्ध हाया कारागिरांकडून भट्टी लावून घेतली आणि १९७८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. तो आकडा तिथला, आणि तोही भट्टीच्या सर्वांत तप्त भागाचा. म्हणजे विद्या लोप पावली हेही खोटंच. बाहेरचं स्वस्त लोखंड आल्यावर भट्ट्या विझल्या, पण म्हाताऱ्यांना काम पाठ होतं.

‘वितळवलं’ हे तर साफ चूक. या भट्टीतून लोखंडाचा रस ओतत नसत. खड्ड्यात दलदलीतलं गवत जाळून त्याचा कोळसा भरायचा, वर वारुळाची माती आणि जुनी धातुमळी (खनिज वितळवल्यावर उरणारा काचेसारखा गाळ) यांची भिंत रचायची, आत लोहखनिज टाकायचं, भात्यांच्या मातीच्या नळ्या थेट आत घुसवायच्या. वितळते ती या खनिजाची मळी. ती खाली झिरपून जळक्या गवतात शिरते, तिथला कार्बन तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडला भिडतो आणि लोखंड सुटतं. शेवटी हाती येतो सच्छिद्र गोळा, काही भाग मऊ लोखंडाचा, काही चांगल्या पोलादाचा. मला विचाराल तर खरी हुशारी या गवतात आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच नाही! आत घुसवलेल्या नळ्यांत हवा आधीच तापते आणि म्हणून भट्टी इतकी तापते, हा श्मिट-एव्हरींचा दावाही सर्वमान्य नाही. रेडर या धातुतज्ज्ञाने १९८६ साली त्यावर हरकत घेतली.

युरोपशी तुलना लंगडी आहे. भट्टीतल्या गोळ्यातून पोलाद काढणं तिथेही जुनंच, रोमन लोक नोरिकमचं (आजच्या ऑस्ट्रियाच्या भागातलं) पोलाद नावाजत. १९व्या शतकात नवं होतं ते टनावारी द्रवरूप पोलाद करणं. ते हाया भट्टीचं कामच नव्हतं.

राहिली २००० वर्षं. हा आकडा मात्र फुगवलेला नाही. केमोंडो उपसागराजवळच्या भट्ट्यांचे अवशेष इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले आहेत. त्याच भागातल्या काटुरुका या उत्खननस्थळाच्या, कोळशातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या काही तारखा त्याहून कितीतरी मागे जातात, फक्त तिथे जळलेलं लाकूड भट्टीपेक्षा जुनं असू शकतं, म्हणून वाद आहे.