म्हशीची शेवटची दोन मिनिटं

गेल्या उन्हाळ्यात आमची म्हैस विकली. सात वेतं झालेली, दोन वर्षं गाभण राहत नव्हती. व्यापारी दारात आला, आईनं तिला हळदकुंकू लावलं आणि गळ्यातलं दावं काढून घेतलं. ती कुठं जाणार हे घरात कुणी बोललं नाही. माहीत मात्र सगळ्यांना होतं.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं गायीबरोबर बैल आणि वळू मारण्यावरही बंदी आली. म्हैस त्यात नाही. आपण इतकी वर्षं भांडतोय ते कोणतं जनावर मारायचं आणि कुणी काय खायचं यावर. जे मारायला कायद्यानं परवानगी आहे ते मरतं कसं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. आणि हा फक्त मटण-मांस खाणाऱ्यांचा विषय नाही. भाकड म्हैस आणि दूध तोडलेलं नर रेडकू गोठ्यातून कुठं जातं, याचं उत्तर दूध पिणाऱ्यांनीही द्यायचं आहे. मी स्वतः त्या दुधावर वाढलोय.

गळा कापल्यावर मेंढी साधारण २० सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. गाई-म्हशींचं तसं नसतं. मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या शाबूत राहतात आणि मेंदूला रक्त पोहोचवत राहतात. कधी कापलेल्या रोहिणीचं तोंडच गुठळीनं बुजतं. अशा वेळी जनावर दोन मिनिटांपर्यंत शुद्धीत राहू शकतं. दोन मिनिटांत माझी आई अर्धी चरवी भरते.

हे टाळता येतं. कॅप्टिव्ह बोल्ट नावाचं हत्यार कपाळावर टेकवून चालवलं की पोलादी दांडा कवटीत शिरून परत येतो, आणि वेदना कळायच्या आत शुद्ध जाते. जनावर जागच्या जागी कोसळतं, श्वासाची लय थांबते, बुबुळाला बोट लावलं तरी पापणी हलत नाही. एवढं पाहूनच सुरी चालवायची. म्हशीचं कपाळ मात्र गाईपेक्षा जाड आणि आतून पोकळ्यांचं असतं. गाईसाठीचं हत्यार तसंच वापरलं तर वार फसतो; जास्त ताकदीचं हत्यार आणि वेगळी जागा लागते. आपल्याकडे म्हशीच जास्त जातात, म्हणून हे शिकवणं आधी हवं.

अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी कत्तलखान्यात जनावरांचा त्रास कमी व्हावा यासाठीच आयुष्यभर काम केलं. गुरं पुढं जात नाहीत तेव्हा त्या स्वतः त्या वाटेनं चालून पाहायच्या: लोंबणारी साखळी, ओल्या फरशीवरची चकाकी, अचानक पडलेली सावली. बैल कशानं बुजतो हे आपल्याकडच्या गाडीवानाला सांगावं लागत नाही. तरी ट्रकमधून उतरवताना आपण शेपूटच पिरगाळतो. ग्रँडिन यांच्या तपासणीत पहिल्याच वारात १०० पैकी किमान ९५ जनावरं बेशुद्ध व्हायला हवीत, अशी अट होती.

आपले नियमही वाचायला चांगले आहेत. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावरासमोर दुसरं मारायचं नाही, आधी २४ तास विश्रांती द्यायची, एका पशुवैद्यानं दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरायची नाहीत, हा नियम तर १९७८ चा. रात्री हायवेवर एकदा उभं राहून ट्रक मोजा. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. तो अजून तेवढाच आहे, याची मला लाज वाटते.

त्याच कायद्याच्या कलम २८ नं धर्माच्या रीतीनं मारणं गुन्ह्यातून वगळलंय. त्यावरून कुणा समाजाला झोडपायला ही पोस्ट वापरू नका, अशा कमेंट मी काढून टाकेन. न्यूझीलंडमध्ये गुरांना आधी बेशुद्ध करणं सक्तीचं आहे आणि तिथून हलाल मांस जगभर जातं. तिथं डोक्याला विजेचा झटका देतात; त्यानं जनावर मरत नाही, सोडलं तर पुन्हा उठतं, म्हणून सुरी चालते तेव्हा ते जिवंत असण्याची हलालची अट पाळली जाते. उलेमा, खाटीक, पशुवैद्य आणि आमच्यासारखे गोठेवाले एकत्र बसले तर हे इथंही ठरू शकतं. पण त्यासाठी बोलावणार कोण? माझं म्हणणं आहे की राज्याच्या पशुसंवर्धन खात्यानं बोलवावं. आणि प्रत्येक कत्तलखान्यात, सुरी चालण्याआधी म्हशीच्या बुबुळाला बोट लावून पाहणारा एक शिकलेला माणूस पगारावर ठेवावा.