वाळू दरवर्षी येतीय म्हणे, मग मोजायची कशाला?

"कृष्णेत वाळू दरवर्षी पुराबरोबर फुकट येते, सर्वे म्हणजे साहेब लोकांचं नाटक, उलट उपसली तरच सांगलीचा पूर कमी होईल." चार ग्रुपवर आलं तोवर गप्प होतो, काल आमच्या दाजींनीपण टाकलं.

येते कुठनं पण? वर कृष्णेवर धोम, कोयनेवर कोयना, डोंगरातला जाड माल धरणातच बसतोय की. आणि आपला दगड काळा, तो झिजून बहुतेक काळी मातीच होते. पुरानंतर पात्रातला माल गवंड्याला दाखवा, तो ग्लासात मूठभर टाकून पाणी घालून ढवळतो, वर बोटभर गाळाचा थर बसला की म्हणतो, ह्याच्यात प्लास्टर नको मालक.

पुराचं तर काय राव! 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45. पात्रात खड्डे काढले तर ते पूर यायच्या आधीच पाण्यानं भरलेले असतात, मग पुराला जादा जागा कुठली मिळणार? काठाची मळी, म्हणजे गाळाची जमीन, मात्र ढासळते.

सर्वे म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागी पात्राच्या लेव्हल घ्यायच्या, फरकावरनं कळतं नवीन वाळू किती ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आली. हां, टेबलावर बसून आकडे भरले तर ते नाटकच, तिथं मेसेजवाला बरोबर आहे. पण केंद्राच्या 2016 च्या अधिसूचनेप्रमाणे वाळूच्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा 21 दिवस जिल्ह्याच्या वेबसाइटवर ठेवावा लागतो, तेव्हा हरकत घ्यायला ह्यातलं कोण जातंय?

खाली अजून एक ओळ, "वाळू अडवली की गावाचा विकास थांबतो." आपल्याच सांगली जिल्ह्यातली येरळाकाठची बलवडी-तांदुळवाडी विसरला का लगा? 1980 च्या दशकात तिथल्या लोकांनी येरळा नदीतला ठेकेदारांचा वाळूउपसा अडवला, आणि स्वतः मोजकीच वाळू विकून त्या पैशात बळीराजा धरण उभं केलं. कारण त्यांना माहीत होतं, उन्हाळ्यात येरळा वरनं कोरडी दिसली तरी वाळूत झिरा खणला की पाणी लागतं, काठच्या विहिरी त्याच्यावरच. वाळू गेली की उघडा खडक, पाणी धरणार कोण?

"आता क्रशरची वाळू आहे, काळजी नको" असं दाजींनी खाली जोडलंय. दाजी, ती दगड फोडून करतात, आणि तो दगड ज्या डोंगरातनं निघतो तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तो तर कुठल्याच पुराबरोबर परत येत नाही. तेवढं डिलीट करा.