दिसलं, दिसलं... गेलं!

पावसाळ्यात आमच्या घरी ओट्यावर दोन बरण्या असतात. एक सासूबाईंची, लिंबाच्या लोणच्याची. दुसरी माझी. माझ्या बरणीत वाळलेलं गवत, रंकाळ्याचं पाणी आणि तांदळाचे चार दाणे असतात. लोणचं मुरायला महिना लागतो, माझी बरणी चौथ्या दिवशी मुरते आणि तिचा वास जिन्यापर्यंत जातो. खालच्या मजल्यावरच्या काकू हल्ली विचारतच नाहीत, वासावरून ओळखतात : मॅडमचं प्रॅक्टिकल जवळ आलं.

मी अकरावी-बारावी सायन्सला बायोलॉजी शिकवते. जर्नलमध्ये एक ओळ असते : ‘तळ्याच्या पाण्यातील सजीवांचे निरीक्षण.’ ही ओळ ज्याने लिहिली त्याने वीस पोरं, सात मायक्रोस्कोप आणि त्यातले धड चार असा संसार कधी केलेला नसणार.

पहिल्या वर्षी मी नुसतंच गवत उकळून, गार करून ठेवलं होतं. आधी पाणी गढूळ झालं, वर पातळ साय धरली, म्हणजे बॅक्टेरिया आले. बॅक्टेरिया आले की त्यांना खाणारे येतात असं पुस्तकात वाचलेलं. आलेही, पण आले ते कोल्पोडा नावाचे बारके जीव. ते अंगाभोवती कवच करून वाळल्या गवतात महिनोन्‌महिने पडून राहतात, पाणी मिळालं की उठून कामाला लागतात. पोरांना दाखवायचा असतो तो पॅरामेशियम, तळ्यातला एकपेशी जीव. त्याला ही विद्या येत नाही. तो वाळला की मेला. म्हणून पॅरामेशियम हवा असेल तर तळ्याचं पाणी घालावंच लागतं, आणि म्हणून दर जुलैत मी रंकाळ्याच्या काठावर, भेळ खाणाऱ्यांच्या घोळक्यात, केंदाळाच्या मुळाशी बाटली बुडवून बसलेली असते. एकदा एका आजोबांनी लांबून बराच वेळ बघितलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, “गुडघ्याला चालतंय काय ओ हे पाणी?”

सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, मी काढा करते. एकदा त्यांनी झाकण काढून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, “नुसत्या गवताचा काय उपयोग? दोन मिरी टाक की.” मी हसले. पण खरं सांगायचं तर हा प्रयोग थेट मिरीचाच आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचा कापडदुकानदार होता. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने ती पाण्यात भिजत घातली आणि स्वतः घासलेल्या भिंगातून ते पाणी बघितलं. मिरीचं तिखट राहिलं बाजूला, पाण्यात जिवांचा बाजार भरलेला! १६७६ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तिथे मायक्रोस्कोपवर अख्खं पुस्तक लिहिलेल्या रॉबर्ट हूकसारख्या माणसालाही पहिल्या खेपेला काही दिसलं नाही. लोकांना खरं वाटावं म्हणून लेव्हेनहुकने आठ प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी पाठवल्या. त्याला आठ साक्षीदार मिळाले. माझ्याकडे दर बॅचला वीस असतात, आणि एकालाही काही दिसलेलं नसतं.

मधेच एकदा डासांच्या अळ्या तपासणाऱ्या ताई घरी आल्या. फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, सगळं कोरडं. सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या. मग ताईंची नजर ओट्यावर गेली. “आणि हे काय?” मी म्हटलं, “शैक्षणिक आहे.” ताईंनी टॉर्च मारून बरणीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “शिकलेल्या माणसांनीच असं केल्यावर कसं व्हायचं?” सासूबाई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

प्रॅक्टिकलच्या दिवशी आभाळ भरून आलेलं असतंच. आमचे मायक्रोस्कोप आरशाचे. आरसा खिडकीकडे वळवायचा आणि सूर्यप्रकाश पकडायचा. जुलैत कोल्हापुरात सूर्य! यंदा तर वीजही गेलेली. कॉलेजात मोबाईलला सक्त बंदी आहे. मी फळ्यापाशी उभी राहून म्हटलं, “ज्यांनी ज्यांनी मोबाईल आणलेला नाही, त्यांनी टॉर्च लावा.” वीसच्या वीस टॉर्च लागले.

“पॅरामेशियमचा आकार चपलेच्या तळव्यासारखा असतो,” मी सांगितलं. कोल्हापुरात हे वाक्य जरा जपूनच म्हणावं.

“कापशी चप्पल काय ओ मॅडम, करकर वाजणारी?”

“वाजत न्हाई न्हवं चालताना?”

वाजत नाही, पण चालतो असा की कापशीवाल्यांनी लाजावं. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर आणि वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे दर सेकंदाला स्वतःच्या चौपट अंतर. अंगभर बारीक केस, ते वल्ह्यासारखे मारत, स्वतःभोवती गिरक्या घेत जातो. दहाच्या भिंगातून एका वेळी दिसतं ते वर्तुळ दीड-दोन मिलिमीटरचं. हिशेब तुम्हीच करा. पोरगं डोळा लावतं, “दिसलं, दिसलं...” म्हणतं, मी तीन पावलांत पोहोचते, तोवर पुढचा शब्द आलेला असतो : “गेलं!”

मग त्याचा पाठलाग. मायक्रोस्कोपात सगळं उलटं दिसतं. प्राणी डावीकडे पळाला म्हणून पोर स्लाइड उजवीकडे ओढतं, आणि प्राणी आणखी डावीकडे जातो. शेताच्या बांधावर रेडकू वळवल्याचा अनुभव असलेली मुलं यात जरा लवकर तयार होतात, हे माझं स्वतःचं निरीक्षण, कुठल्या पुस्तकात नाही. बाकीची थेंबातल्या हवेच्या बुडबुड्यावर समाधान मानतात. काळ्या काठाचा, गोल, देखणा, आणि मुख्य म्हणजे एका जागी बसणारा. “मॅडम, माझा अमीबा बघा!” असं म्हणून दरवर्षी पाच-सहा बुडबुडे मला मानाने दाखवले जातात. एखादा उत्साही वीर पंचेचाळीसचं भिंग लावून मोठा स्क्रू खाली फिरवतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि लॅबचे मामा न बघता रजिस्टरमध्ये लिहितात : कव्हर स्लिप, एक.

पॅरामेशियमला आवरायचा एक उपाय आहे. कापूस पिंजून त्याचे चार-दोन तंतू थेंबात टाकायचे. कुंपण होतं. प्राणी तंतूला धडकतो, मागे सरकतो, थोडा वळतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा धडकतो. मी पोरांना चार तंतू सांगितले होते. एकाने देवाच्या वातीएवढा बोळा टाकला. थेंब कापसाने पिऊन टाकला, पॅरामेशियमसकट.

दोन तास संपले. पोरं गेली, बाकावर ओल्या स्लाइडा आणि कापूस. मी आवरता आवरता शेवटच्या बाकावरच्या मायक्रोस्कोपात सहज डोकावले, आणि तिथे तो होता. दोन तंतूंच्या बेचक्यात अडकलेला, शांत. कडेचे केस थरथरत होते, तेवढीच हालचाल. शरीराच्या एका टोकाला एक बारीक चांदणी उमटली. तिचे किरण फुगले, मधला ठिपका मोठा होत गेला आणि पटकन मिटला. मग दुसऱ्या टोकाला तसंच. पुन्हा पहिल्या टोकाला. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मान अवघडली.

“मामा, इकडे या. हे बघा.”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “काय करतंय हे?”

“पाणी बाहेर टाकतंय. त्याच्या अंगात सारखं पाणी शिरतं. असं उपसलं नाही तर फुगून फुटेल.”

मामांचं गाव पंचगंगेच्या काठावर. त्यांनी डोळा काढला नाही. “म्हंजे आमच्यासारखंच की. दोन हजार एकोणीसला आठ दिवस हेच केलं आम्ही.” मग जरा थांबून म्हणाले, “ह्याला दोन मोटरी हायत. आमच्याकडं एकच हुती.”

दुसऱ्या दिवशी जर्नल्स आली. एकोणीस जर्नलांत एकोणीस पॅरामेशियम, सगळे पुस्तकातल्यासारखे, एकाच कुशीवर, एकाच दिशेला तोंड करून. मोठं केंद्रक, लहान केंद्रक, सगळं जागच्या जागी. न रंगवलेल्या जिवंत पॅरामेशियमचं लहान केंद्रक वीस वर्षांत मला कधी नीट दिसलेलं नाही, या पोरांना मोबाईलच्या उजेडात दिसलं. मी एकोणीस सह्या केल्या.

विसावं जर्नल त्या वातवाल्याचं. कंपासने काढलेलं मोठं वर्तुळ. आत डावीकडून येणारी एक वळणावळणाची रेघ, मधे एका ठिकाणी धडकून मागे आलेली, पुन्हा पुढे गेलेली, आणि वर्तुळाच्या बाहेर निघून जर्नलच्या समासात संपलेली. तिच्या टोकाला बाण आणि हाताने, वाकडीतिकडी ओढलेली नावाची रेघ. नाव : ‘गेलं.’

मी लाल पेन घेतला. समासात लिहिलं, “नावाची रेघ पट्टीने ओढावी,” आणि खाली सही केली.