मेंढरांना विमान मिळू द्या

सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकानं फॉरवर्ड टाकला, जिवंत जनावरांची निर्यात म्हणजे महापाप, पुन्हा सुरू होऊ देऊ नका. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. यातल्या एकानं तरी पावसात मेंढरं राखलीत का?

जून २०१८. नागपूर विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या शारजाला जायच्या होत्या. तेव्हाचे खासदार विकास महात्मे त्यासाठी झटत होते. जैन संघटनांनी विरोध केला आणि विमान उडायच्या आधीच सगळं रद्द. २०२३ ला केंद्रानं जनावरांच्या आयात-निर्यातीचा मसुदा आणला, ओरड झाली, तोही मागे घेतला.

नागपूरचं बारगळलं त्याच वर्षी ईदच्या आधी आमचे तात्या आटपाडीच्या बाजारात मेंढे घेऊन गेले. दलालानं रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगितला. तात्यांनी हात काढून घेतला. दुसरा आला, त्यानंही तेवढीच दाबली. तिसऱ्यानंही. सगळे आतून एक. मेंढे परत न्यायचे तर टेम्पोचं भाडं अंगावर, म्हणून दिले त्याच भावात.

आणि कापलेलं मांस? ते राजरोस जातं! म्हशीचं मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला कंटेनर भरभरून जातं, मेंढ्या-बोकडांचं मटण आखातात जातं. त्यातला पैसा कारखानदाराचा. तात्यांच्या वाट्याला रुमालाखालची तीच बोटं.

वाटेत हाल होतात, मान्य. २०१९ ला रोमानियाजवळ १४ हजारांवर मेंढरं भरलेलं जहाज कलंडलं, ते वाचून मला घास गेला नव्हता. मग नियम करा ना! ऑस्ट्रेलियानं २०११ मध्ये इंडोनेशियाला जाणारी गुरं थांबवली, महिन्याभरात कडक अटी घालून सोडली. २०२० मध्ये तिथल्या कोर्टानं ती बंदीच बेकायदा ठरवली. तिथल्या गुरं पाळणाऱ्यांचं नुकसान कोर्टानं ऐकलं. आमचं कुणी ऐकलं?

विरोध करणाऱ्यांची दया खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण दया आम्हालाही आहे हो. आजारी कोकरू तात्या रात्रभर घोंगडीत घेऊन बसतात. लोकरीला आता कोण विचारतंय? खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, जगवायचं तर त्यातले मेंढे विकावेच लागतात, आणि विकायचे तर तीनच्या तीन दलाल एका भावाचे.

नागपूरचं विमान पुन्हा लावा. डॉक्टरांकडून एकेक मेंढरू तपासा, पाणी, जागा, हवा, सगळ्याच्या अटी घाला, मोडणाऱ्याचा परवाना काढून घ्या. पण दार उघडा. आणि निर्णय घेताना एखाद्या मेंढरांच्या वाड्यावर येऊन धनगरालाही विचारा.