मावशी, काळी बाईक आणि परिच्छेद

नववीच्या पोरांना परिच्छेद शिकवायचा म्हणजे काय असतं ते ज्यानं शिकवलंय त्यालाच माहीत. बाकीच्यांना वाटतं मराठी काय, घरचीच भाषा, त्यात शिकवायचं काय असतंय? मग हे वाचा. बेळगावच्या जवळच्या एका खेड्यात आमची शाळा, माध्यम मराठी, बोर्ड कर्नाटकाचं. विषय दिला होता "माझा आवडता ऋतू". वहीतलं जसंच्या तसं देते, शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय:

"पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पावसाळ्यात आमच्या शेतात रोप लावणी असते. लावणीला माझी मावशी खानापूरहून येते. मावशीचा मुलगा उद्यमबागला कंपनीत आहे. त्याने नवीन बाईक घेतली आहे. बाईकचा कलर काळा आहे. म्हणून मला काळा कलर फार आवडतो."

लाल पेन घेऊन मी बसले, पण खोडायचं कुठलं वाक्य? एकेक घेतलं तर प्रत्येक वाक्य खरं, व्याकरण बरं, आणि शेवटी "म्हणून" सुद्धा आहे! पोराला बोलावून विचारलं, अरे पावसाळा कुठं गेला? तर म्हणतो, "हाय की टीचर, सगळं जोडलंय. लावणीनं मावशी आली, मावशीनं पोरगा आला, पोराची बाईक आली." आता काय बोलणार. प्रत्येक वाक्यानं मागच्याचं शेपूट घट्ट धरलेलं आहे, फक्त पहिल्या वाक्याकडं कुणी वळून बघत नाही.

आणि ह्यात पोरांची तरी काय चूक म्हणा, आमच्याकडं बोलायची पद्धतच ती आहे. स्टँडवर उभं राहून कुणाला "खानापूरची बस गेली काय हो?" विचारून बघा, "गेली" हे उत्तर येईपर्यंत त्या बाईंच्या सुनेचं बाळंतपण, दवाखान्याचं बिल आणि यंदा पाऊस कसा लांबला हे सगळं होतं, आणि तोवर पुढची बस पण निघून जाते.

तरी मी फळ्यावर लिहिलं: एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तो मुद्दा सांगायचा, पुढच्या वाक्यांनी तो पटवायचा, कारण द्यायचं, उदाहरण द्यायचं, आणि प्रत्येक वाक्य लिहून झालं की त्याला विचारायचं, बाबा तुझा पहिल्या वाक्याशी काय संबंध? संबंध सांगता आला नाही तर ते काढून टाकायचं. पोरांनी सगळं वहीत छान उतरवून घेतलं, समास सोडून, खाली रेघ मारून. आणि पुढचा निबंध "आमच्या गावची लक्ष्मी जत्रा", त्यात जत्रा पहिल्या ओळीला आणि मग शेवटपर्यंत पाहुणे. कोण कुठनं आलं, कोण रुसून जेवला नाही, कुणाची चप्पल गेली.

मधल्या एका बाकावरच्या पोरानं मात्र मला चांगलंच पकडलं. आदल्या आठवड्यात हौसेनं मी मोडी लिपीबद्दल सांगितलं होतं, की आधी ओळ आखून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, शब्द सुद्धा सुटे नाहीत, आणि विरामचिन्हं मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी नावाच्या इंग्रजानं. तर हा म्हणतो, "टीचर, मग शिवाजी महाराजांच्या कागदात परिच्छेद नव्हताच की. त्यांचं काय अडलं?" सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. बेळगावात शिवाजी महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभं राहून शिकवणं कुणालाच शक्य नाही, इथं वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा रात्र कधी सरली ते कळत नाही. मी आपलं सांगितलं की एक परिच्छेद एक मुद्दा हा नियम पुस्तकात पक्का बसवला तो अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटलंडच्या प्राध्यापकानं, १८६६ साली. "म्हणजे ह्यो बी इंग्रजांचाच उद्योग काय," असं मागनं कोणतरी बोललंच.

मग एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेली युक्ती केली. चांगला परिच्छेद घ्यायचा, एकेक वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहायचं, पट्ट्या मिसळायच्या आणि पोरांना क्रम लावायला द्यायच्या. युक्ती खरंच चांगली आहे हो, "त्यामुळे" असलेली पट्टी आधी येऊ शकत नाही, "उदाहरणार्थ" च्या आधी काहीतरी लागतंच, हे पोरांच्या आपोआप लक्षात येतं. पण ट्रेनिंगच्या हॉलला एसी होता आणि आमच्या वर्गाला पंखा आहे. सकाळपासून करंट नव्हता आणि बरोबर पट्ट्या मांडून झाल्यावर आला. निम्म्या पट्ट्या बाकाखाली, दोन खिडकीतनं बाहेर. गोळा करताना एवढा दंगा झाला की शेजारच्या वर्गातनं गणिताचे सर आले, दारात उभं राहून म्हणाले, "मराठीच्या तासाला एवढं काय असतंय हो टीचर?" मी म्हटलं एसएसएलसीला, म्हणजे आमच्या दहावीला, बाकीचे पाच विषय १०० मार्कांचे आणि पहिली भाषा एकटी १२५ ची, ६२५ मधला सगळ्यात मोठा वाटा आमचा, एवढं असतंय. गेले गप. पण खरं सांगू, एका गटानं वाऱ्यानं पडल्या तशाच पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि तो क्रम त्यांनी आधी लावलेल्यापेक्षा बरा होता.

गाईडवाल्या पोरांचं तर बोलायलाच नको. त्यांचा परिच्छेद अगदी सुतात, पण पंधरा वह्यांत तीच "वसुंधरेनं हिरवा शालू नेसला". त्यातली एक पोरगी रोज गुडघाभर चिखलातनं शाळेला येते.

उपाय सापडला तो एका भांडणातनं. तास चालू असताना एकजण उठला: "टीचर, ह्यानं माझा पेन घेतलाय. पेन माझाच हाय, कारण त्येच्या मागच्या टोकाला चावल्याचं हाय. ह्येला पेन चावायची सवय न्हाय, मला हाय. पायजे तर माझं दात लावून बघा. म्हणून ह्येला पेन द्यायला सांगा." मी खडू हातात घेऊन बघतच राहिले. मुद्दा, कारण, पुरावा, पडताळा, मागणी! मध्ये मावशी नाही, बाईक नाही, काही नाही. आणि हा कोण, तर तोच, काळा कलरवाला.

मग डोक्यात प्रकाश पडला. तक्रार म्हटलं की आमच्या माणसांना मुद्दा सोडायचा नाही हे शिकवावं लागत नाही. १९५६ पासून सीमाभागात घराघरात निवेदनंच लिहिली जातायत, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, म्हणजे ही पोरं जन्मायच्या आधीचा, आणि अजून चाललाय. आधी मागणी, मग कारणं, मग दाखले, आणि शेवटी "तरी मेहेरबान साहेबांनी विचार करावा", हा साचा पोरांच्या कानावर बारशापासून पडतोय. वर्गाला सांगितलं, आवडता ऋतू गेला खड्ड्यात, तुमची तक्रार लिहा. पाच मिनिटांत वर्गात फक्त पेनांचा आवाज. सगळ्यात भारी हे होतं:

"मराठीचा तास जेवणानंतर ठेवू नये. कारण शाळेत भात-सांबार असतो आणि तो पोटभर खाल्ल्यावर झोप येते. मागच्या गुरुवारी शेवटच्या बाकावरचे तिघे झोपले होते, त्यातल्या एकाला टीचरांनी कवितेचा अर्थ विचारला तर तो उठून 'हजर' म्हणाला. टीचर सुद्धा फळ्याकडं तोंड करून जांभई देतात, ते आम्हाला मागनं कळते. त्यामुळे हा तास सकाळी पहिला ठेवावा."

जांभईचं वाक्य मी काढून टाकणार होते, पण नियम माझाच, पहिल्या वाक्याशी संबंध होता. कागद तसाच मुख्याध्यापकांकडं गेला. त्यांनी वाचला, हसले, आणि सोमवारपासून टाईमटेबल बदललं. मराठी सकाळी पहिला तास, गणित जेवणानंतर.

त्यावर गणिताच्या सरांनी उलट अर्ज दिलाय, फुलस्केप दोन पानं, सलग. मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडं पाठवलाय, वर शेरा मारून: "यात मागणी काय आहे ते कळाले नाही. टीचरांनी परिच्छेद पाडून द्यावेत."