उशीची दुसरी बाजू

झोपेच्या बाबतीत मी मुळीच चोखंदळ नाही. मला बैठकीत झोप येते, लांबलेल्या भाषणात येते, केस कापून घेताना मान दुसऱ्याच्या ताब्यात असतानाही येते, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे ठेवून मी चक्क डुलकी काढली होती, हे आमच्या घरात पाहुण्यांना आवर्जून सांगितले जाते. असा हा माणूस खास झोपण्यासाठी बांधलेल्या खोलीत, खास झोपण्यासाठी घेतलेल्या पलंगावर, रात्रीच्या अगदी रास्त वेळी आडवा होतो आणि उन्हाळा संपेपर्यंत छताकडे बघत पडून राहतो.

याचे खापर मी बरीच वर्षे सूर्यावर फोडत होतो. तो अन्याय होता. सूर्य बिचारा ठरल्या वेळी मावळतो. घोळ घालतो तो डोक्यावरचा स्लॅब. आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ते घेताना वर कोणाची आदळआपट नाही, याचे आम्हाला फार कौतुक वाटले होते. वर थेट सूर्यच राहतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही. काँक्रीटच्या जाड थराला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. वरून शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोहोचण्यास काही तास घेते, त्यामुळे भर दुपारचे ऊन आमच्याकडे रात्रीच्या जेवणाच्या सुमारास येते आणि मुक्कामाला राहते. रात्री अकरा वाजता खिडकीबाहेर हात काढावा तर हवा बरी असते. तोच हात भिंतीला लावावा तर ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवल्यासारखा वाटतो. एकदा मी असाच भिंतीला हात लावून उभा असताना बायकोने अंधारातून विचारले, “अहो, आता तिची विचारपूस करून झाली असेल तर झोपता का?”

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारले की स्लॅब निवतो, असे मला एकाने सांगितले आणि ते खरेही आहे, कारण पाणी वाळताना जी उष्णता लागते ती काँक्रीटमधून ओढली जाते. मात्र गच्चीवरची टाकीही दिवसभर त्याच उन्हात उभी असते, ही गोष्ट सांगणाऱ्याने सांगितली नव्हती. पहिली दहा मिनिटे नळीतून जे पाणी आले ते स्लॅबला नव्हे, पायाला अधिक जाणवले.

शिवाय उष्णता केवळ बाहेरूनच येते असे नाही. आमच्या चिरंजिवांना नुकतेच विज्ञान समजू लागले आहे आणि त्याचे चटके घरातल्या सर्वांना बसतात. झोपलेला माणूससुद्धा साधारण सत्तर-ऐंशी वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे तुम्ही दोघे पलंगावर आडवे झालात की जुन्या पद्धतीचे दोन पिवळे बल्ब शेजारी शेजारी लावल्यासारखे आहे, असे त्याने एका रात्री जेवताना सांगितले. त्या रात्रीपासून आमच्या पलंगाच्या मधोमध एक सीमारेषा अस्तित्वात आली. ती कोणी आखली नाही. परंतु माझे कोपर तिच्यापलीकडे गेले की दुसरा बल्ब “सरका” एवढेच म्हणतो आणि त्या एका शब्दात लग्नाची सगळी वर्षे बोलतात.

पंख्याचा विषय जरा विस्ताराने सांगायला हवा, कारण उन्हाळ्यातील माझ्या रात्रींचा मोठा भाग त्याच्याकडे पाहण्यात गेला आहे. पंखा हवा गार करत नाही, हे मला कळायला अर्धे आयुष्य लागले. तो फक्त हवा हलवतो. अंगावरचा घाम त्या हवेने वाळतो आणि वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम घाम वाळला तर सुमारे २४०० ज्यूल उष्णता जाते, असा चिरंजिवांचा हिशेब आहे. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून ती “गार करून ठेवण्याचा” माझा अनेक वर्षांचा प्रघात त्या दिवशी संपुष्टात आला. हवेचे तापमान अंगाच्या तापमानापेक्षा वर गेले आणि अंगावर घामही नसला, तर पंखा उलट आपल्यालाच शेकून काढतो. आणि रेग्युलेटर पाचवर नेला की छताजवळ साठलेली गरम हवा तो किती निष्ठेने खाली आणून ओततो, हे कळण्यासाठी विज्ञानाची गरज नाही, वरच्या मजल्यावर घर असले की पुरे.

आमचा पंखा पाचवर बोलतो. चारवर तो घुमतो, तीनवर केवळ फिरतो, पण पाचवर गेला की त्याच्या दांड्यापाशी कुठेतरी ‘टक्’ असा आवाज येतो. हा आवाज नियमित असता तर माझी तक्रार नव्हती. घड्याळाच्या टिकटिकीत माणसे झोपतातच. पण हा आवाज तीनदा पाठोपाठ येतो, मग थांबतो, आणि आता बंद झाला असे वाटून डोळा लागणार एवढ्यात चौथ्यांदा येतो. त्यामुळे मी आवाजाने जागा राहत नाही, आवाजाची वाट पाहत जागा राहतो. स्टूल घेऊन मी वरची वाटी घट्ट केली, पात्यांवरची धूळ पुसली, एका पात्याला पुठ्ठ्याचा तुकडाही चिकटवला. त्यानंतर तो आवाज चारवरही येऊ लागला.

आणि तरीही मध्यरात्री दोन वाजता वीज जाते, तेव्हा त्या ‘टक्’ची किंमत कळते. जगात इतर सर्व ठिकाणी माणूस आवाजाने जागा होतो; उन्हाळ्यात तो शांततेने जागा होतो. पाती मंदावत जातात, शेवटची दोन वळणे ती उगाच आशा लावल्यासारखी घेतात, आणि त्या क्षणी घरातल्या प्रत्येक खोलीतून एकेक उसासा निघतो. मग सगळे उठून आपापल्या खिडकीत जातात आणि समोरच्या इमारतीतही अंधार आहे ना, याची खात्री करून घेतात. समोर उजेड दिसला तर उकाडा दुप्पट होतो.

खिडकीबद्दल तज्ज्ञ म्हणतात की दिवसा पडदे ओढून ती बंद ठेवावी, बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाली की उघडावी, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्यास वारा आरपार जातो. या सल्ल्यात एकही शब्द खोटा नाही. त्यात फक्त डास नाहीत. आमच्याकडे वारा आरपार जातो की नाही हे सांगता येत नाही, डास मात्र आत आल्यावर आरपार जात नाहीत, थांबतात. आपण सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग काढत डासाची मादी दुरून येते आणि जवळ आल्यावर अंगाची ऊब व घामाचा वास तिला उरलेला पत्ता सांगतात. म्हणजे ती मला ओळखण्यासाठी ज्या खुणा वापरते, त्यांतली एकही मला बंद ठेवता येण्यासारखी नाही. डासाला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही, त्यामुळे पंख्याखाली तो चावत नाही, हे खरे. पण तो पंखा बंद होण्याची वाट पाहत कपाटामागे बसू शकतो, आणि माझ्या अनुभवावरून सांगतो, त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त धीर असतो.

मच्छरदाणी लावून पाहिली. तिच्यातून वारा निम्मा येतो आणि जो येतो तो परवानगी काढून आल्यासारखा येतो. शिवाय एखादा डास आतच राहिला, तर बाहेरच्या सर्व डासांपासून त्याचे उत्तम संरक्षण होते.

ओल्या चादरीचा प्रयोग मी कुणाला न सांगता केला. चादर भिजवून, पिळून, अंगावर घेऊन पंख्याखाली पडले की क्षणात थंडावा वाटतो, हे मी वाचले होते. पिळणे या शब्दाला त्यात किती महत्त्व आहे, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. पहिली वीस मिनिटे इतकी सुखाची गेली की मी मनातल्या मनात या शोधाचे श्रेयही घेऊन टाकले. त्यानंतर चादरीतले पाणी गादीत उतरले. खोलीतल्या हवेत बाष्प इतके भरले की पुढे काही वाळेना, आणि न वाळणाऱ्या पाण्याने गारवा येत नाही, एवढे तर आता मलाही ठाऊक होते. पहाटे बायकोचा हात चुकून सीमारेषेपलीकडे आला आणि ओल्या गादीवर पडला. तिने दिवा लावला. पुढचा भाग लिहिण्यासारखा नाही. ती गादी दोन दिवस गच्चीत वाळत होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण घरात लहान मूल आहे का, असे विचारत होता.

रात्री झोपण्यापूर्वी गार पाण्याने अंघोळ करणे हा उपाय वरकरणी इतका सरळ आहे की त्यात काही खोट असेल, अशी शंकाही येत नाही. मी थेट शॉवरखालून पलंगावर येत असे आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा घामाघूम होत असे. कारण असे की फार गार पाणी पडले की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच कोंडून राहते. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते. ते रात्रभरात साधारण एक अंशाने उतरते आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली असते. हे साधण्यासाठी झोपेच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी, म्हणजे रक्त कातडीकडे येते आणि हातापायांच्या वाटे उष्णता निघून जाते. उकाड्यावर उपाय म्हणून गरम पाण्याचा नळ सोडताना माणसाला आपल्या बुद्धीविषयी वाटू नये ते वाटते. पण एवढा एकच उपाय मला खरोखर लागू पडला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो, आणि तो विनोदी नसल्याने इथेच सोडतो.

एका रात्री एकच्या सुमारास मी स्वयंपाकघरात फ्रिजचे दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. पाय खालच्या कप्प्याच्या कडेला टेकवले होते, डोळे मिटले होते, पोटऱ्यांवरून थंडगार हवा जमिनीकडे ओघळत होती. पाठीमागून चिरंजिवांचा आवाज आला, “बाबा, फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो आणि त्याच्या मोटरची उष्णता वेगळीच. दार उघडं ठेवलंत तर खोली गार होत नाही, तापते.”

मी म्हणालो, “मला खोली गार करायची नाही, पाय गार करायचे आहेत.”

तो थोडा वेळ विचारात पडला आणि मग दुसरी खुर्ची घेऊन आला.

शेवटी वातानुकूलन यंत्र आले. ते आणण्याआधी विक्रेत्याने मला “एक टन की दीड टन?” असे विचारले, तेव्हा भिंत एवढे वजन पेलेल का, याची मी गंभीरपणे चौकशी केली. टन हे त्या यंत्राचे वजन नसून, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतकी उष्णता काढून नेण्याची ती शक्ती आहे, साधारण साडेतीन किलोवॉट, हे नंतर समजले. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये या यंत्राचा आराखडा केला तो ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. म्हणजे माणसाला रात्री झोप येत नाही, ही तक्रार जगात आधीपासून असताना सोय झाली ती प्रथम कागदाची.

यंत्राने उकाडा संपवला, पण झोप दिली असे म्हणता येणार नाही, कारण त्याच्याबरोबर रिमोटही आला. मला चोवीस हवे असते, बायकोला सत्तावीस. मी चोवीसवर झोपतो आणि सत्तावीसवर जागा होतो. मधल्या काळात काय घडले, हे कोणीही कबूल करत नाही. त्यातच एकदा यंत्रातून पाणी गळू लागले, ते दुरुस्त करणारा माणूस “उद्या येतो” म्हणाला, आणि त्या उद्याच्या प्रतीक्षेत आम्ही सर्वजण पुन्हा त्या जुन्या ‘टक्’खाली आलो.

त्या रात्री मी उशीच्या दुसऱ्या बाजूचा नीट अभ्यास केला. उशी उलटली की गालाला जो गारवा लागतो, तो उन्हाळ्यातला सर्वांत निर्भेळ आनंद आहे. दुर्दैवाने तो मिनिटभर टिकतो, आणि पहिली बाजू निवायला त्याहून बराच वेळ लागतो. फोम आणि कापूस यांच्यात वारा खेळत नाही, डोक्याची ऊब तिथेच अडकून राहते. तीन उश्या आळीपाळीने वापरल्यास चक्र जमते, असे माझे गणित होते. ते जमले असते. परंतु तिसऱ्या उशीच्या दुसऱ्या बाजूवर बायको झोपली होती.

मग मी जमिनीवर उतरलो. फरशीचा पहिला स्पर्श अवर्णनीय असतो. ती अंगातली उष्णता इतक्या तत्परतेने ओढून घेते की आपले कोणीतरी आहे, असे वाटते. मात्र अंगाखालचा तुकडा थोड्याच वेळात तापतो आणि माणूस नकळत शेजारच्या गार तुकड्यावर सरकतो. मी दाराजवळ झोपलो होतो. तीन वाजता मला जाग आली तेव्हा माझे डोके पलंगाखाली होते आणि समोर गेल्या वर्षी हरवलेली चप्पल होती. पाठ धरली होती. चप्पल घेऊन मी पुन्हा वर गेलो.

पहाटे साडेचारच्या सुमारास भिंतीने हळूहळू हात आवरता घेतला. खिडकीतून आलेली हवा प्रथमच हवेसारखी वाटली. अंगाचे तापमान उतरले असावे, कारण अकरा वाजता मी लाथाडून खाली टाकलेली चादर आता पाय शोधू लागले. पंखा पाचवर होता आणि त्याचा वारा चक्क गार लागत होता.

“अहो,” बायको पुटपुटली, “पंखा तीनवर करा.”

रेग्युलेटर तिच्या बाजूला चार पावलांवर होता, माझ्या बाजूने सात. जो उठेल त्याची झोप जाईल, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. मी घोरण्याचा आवाज काढला. माझे घोरणे खोटे आहे हे तिला कळते, तसे तिचे गप्प राहणेही खोटे आहे हे मला कळते. वर टक्, टक्, टक् झाले. खालून चादरीचे एक टोक माझ्या हाती लागले, दुसरे टोक तिने आधीच ओढून घेतले होते. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंनी आम्ही ती ओढत राहिलो आणि चौथा ‘टक्’ आला की नाही, ते मला सांगता येणार नाही.