महारेरा क्रमांक म्हणजे घराची हमी नव्हे

घर शोधणाऱ्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला सतत फिरत असतो आणि विक्री कार्यालयांतले प्रतिनिधीही तोच निरनिराळ्या शब्दांत ऐकवतात. प्रकल्पाला महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, आहे ना, मग काळजी सोडा. कागदपत्रे सरकारने तपासलेली आहेत, पैसे सुरक्षित खात्यात राहतात, ताबा लांबला तर महारेरा व्याजासह रक्कम मिळवून देते, शिवाय बँकेचे कर्ज मंजूर झाले म्हणजे दुसऱ्यांदा तपासणी झाली, तेव्हा वकिलावर खर्च कशाला, असा त्याचा आशय असतो. या सल्ल्यातले प्रत्येक वाक्य थोडेसे खरे आहे आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. आयुष्यभराची बचत आणि पुढची 20 वर्षे भरायचे हप्ते ज्यावर उभे राहणार, तो निर्णय अर्धसत्यावर घेतला जाऊ नये, या कळकळीने ही वाक्ये एकेक करून तपासत आहे.

पहिले विधान कागदपत्रांच्या तपासणीचे. महारेरा ज्याच्या आधारे काम करते तो स्थावर संपदा कायदा 2016 सालचा. त्याची पूर्ण अंमलबजावणी 1 मे 2017 पासून सुरू झाली. त्याच्या कलम 4 नुसार जमिनीवर आपला कायदेशीर हक्क आहे, तिच्यावर बोजा नाही किंवा असल्यास तो कोणता आणि प्रकल्प कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल, हे विकासक स्वतःच्या प्रतिज्ञापत्राद्वारे जाहीर करतो. प्राधिकरणाने अर्जावर 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो दिला नाही, तर प्रकल्प नोंदणीकृत झाला असेच कलम 5 मानते. म्हणजे नोंदणीचा मूळ पाया विकासकाने दिलेली आणि सर्वांसाठी उघड केलेली माहिती हा आहे. त्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी विकासकावर आहे आणि ती खोटी ठरली तर त्याला दंड होऊ शकतो, पण दंडाने कोणाचे घर परत उभे राहत नाही.

हे किती महागात पडू शकते, ते कल्याण-डोंबिवलीत दिसले. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून तिथल्या 65 इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवण्यात आली, सदनिका विकल्या गेल्या, कुटुंबे राहायला आली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या खरेदीदारांकडे क्रमांक होता. त्यांच्याकडे नव्हती ती महापालिकेच्या नोंदींशी ताडून पाहिलेली परवानगी. महारेराकडून मिळालेला क्रमांक खरा, पण त्यामागचा कागद खोटा, अशी ही स्थिती होती.

कागद खरा असला तरी तो नीट वाचावा लागतो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात, ते अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग काही मजल्यांपर्यंत, मग पुढे. 22 मजल्यांच्या इमारतीत सोळाव्या मजल्यावरचे घर घेताना सीसी आठव्या मजल्यापर्यंतच आहे, असे आढळू शकते. असा प्रकल्प बेकायदा नसतो आणि त्याची नोंदणीही नियमानुसार झालेली असते. पण तुमच्या मजल्याची परवानगी अजून यायची आहे, हे महारेरा क्रमांक सांगत नाही. संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर चढवलेले प्रमाणपत्र उघडून तुम्हालाच ते पाहावे लागते. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातींत क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे ते याचसाठी. कोड स्कॅन करून पान उघडले आणि काहीही न वाचता फोन खिशात गेला, तर त्या सक्तीचा उपयोग शून्य.

दुसरे विधान पैशांचे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, हे खरे आहे. मात्र ते खाते महारेराच्या ताब्यात नसते. अनुसूचित बँकेतले ते खाते विकासकच चालवतो. अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांच्या आधारे, काम जितके झाले तितक्या प्रमाणात त्याला रक्कम काढता येते, आणि ती बांधकामाबरोबरच जमिनीच्या खर्चासाठीही वापरता येते. एका प्रकल्पाचे पैसे दुसरीकडे वळवण्याच्या जुन्या सवयीला या तरतुदीने मोठा लगाम घातला, हे निर्विवाद आहे. पण तिन्ही प्रमाणपत्रे देणारे व्यावसायिक विकासकानेच नेमलेले असतात, आणि उरलेल्या 30 टक्के रकमेवर असा निर्बंध नाही. दर तिमाहीला चढवला जाणारा प्रगती अहवाल आणि प्रत्यक्ष जागेवर दिसणारे मजले यांची तुलना करणे खरेदीदाराच्या हातात असते, आणि ती करणारे फार थोडे असतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच संदर्भात नोंदणीपूर्व आरक्षणाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ‘ईओआय’, म्हणजे घर घेण्यात रस असल्याची लेखी नोंद, या नावाखाली धनादेश घेऊन, प्रकल्प जाहीर होण्याआधीचा भाव म्हणून घरे राखून ठेवण्याची पद्धत सध्या जोरात आहे. कलम 3 प्रमाणे ज्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे, त्याची नोंदणीआधी जाहिरात, आरक्षण किंवा विक्री करता येत नाही. नोंदणी झाल्यावरही कलम 13 नुसार, नोंदवलेला विक्री करारनामा होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘क्रमांक येतोच आहे’ या भरवशावर दिलेल्या पैशाला 70 टक्क्यांच्या खात्याचे संरक्षणही मिळत नाही.

तिसरे विधान सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवे आहे. ताबा वेळेवर न मिळाल्यास रक्कम व्याजासह परत मागण्याचा हक्क कलम 18 देते, आणि तो हक्क बिनशर्त आहे असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआर दरापेक्षा (बँकेच्या निधीखर्चावर ठरणाऱ्या कर्जदरापेक्षा) 2 टक्के अधिक असते. इथवर सल्ला बरोबर आहे. पण आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत मोठे अंतर असते. विकासकाने आदेश पाळला नाही तर कलम 40 नुसार वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणजे वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. मुंबई उपनगर, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत अशा वॉरंटांची शेकडो कोटी रुपयांची वसुली रखडलेली आहे. विकासकाच्या नावावर जप्त करण्याजोगी मालमत्ताच उरली नसेल, किंवा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर आदेश हाती असूनही खरेदीदार भाडे आणि हप्ता दोन्ही भरत राहतो. म्हणून विकासकाचे आधीचे प्रकल्प, त्यांना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) कधी मिळाले आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारींत काय आदेश झाले, हे आरक्षणाआधी पाहणे अधिक मोलाचे आहे.

बँकेच्या दुहेरी तपासणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बँक स्वतःचे तारण तपासते आणि परतफेडीसाठी कर्जदाराचे उत्पन्नही तिच्यासमोर असते; इमारत अडचणीत आली म्हणून हप्ता थांबत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या त्या इमारतींतही अनेकांनी गृहकर्ज काढूनच घरे घेतली होती.

नमुना सदनिकेत दिसते तसे घर मिळणारच, असाही एक समज या सल्ल्यात मिसळलेला असतो. कलम 12 जाहिरात आणि नमुना सदनिका या दोन्हींतल्या खोट्या माहितीसाठी विकासकाला जबाबदार धरते, हे बरोबर; परंतु नमुना घरात दरवाजे नसणे, भिंतीभर आरसे असणे, पलंग नेहमीपेक्षा आखूड असणे हे सजावटीच्या नावाखाली खपते. कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, बाल्कनी धरली जात नाही, त्यामुळे करारातला आकडा आणि नकाशावरची मापे हीच विचारात घ्यावीत. सध्या खुल्या स्वयंपाकघराची आवड वाढली आहे, तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतो. मायव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतींत बहुतेक आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार वाहणाऱ्या असतात, त्या पाडता येत नाहीत. शिवाय अशी तोडफोड केल्यास, ताब्यानंतर 5 वर्षांपर्यंत रचनात्मक दोष विनामूल्य दुरुस्त करून घेण्याच्या तुमच्या हक्कावर विकासक आक्षेप घेऊ शकतो.

राहिला वकिलाचा खर्च. दुय्यम निबंधक कार्यालयातील 30 वर्षांच्या नोंदींचा शोध, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, विकास करार, जमिनीवरचे दावे आणि गहाणखत हे सगळे तपासण्याचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते, आणि वकील मात्र विकासकाने सुचवलेला नसावा. करारनाम्याचा मसुदा सही करण्याच्या दिवशी नव्हे, आरक्षणाआधी मागावा. महारेराच्या नमुना करारापासून विकासकाने जिथे फारकत घेतली असेल, ती कलमे त्याने वेगळी दाखवायची असतात. दायित्व टाळणाऱ्या, मुदतवाढीची मोकळीक देणाऱ्या किंवा जमिनीचे अभिहस्तांतरण (तिची मालकी रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर करणे) लांबवणाऱ्या तरतुदी बहुधा त्याच कलमांत असतात, म्हणून वकिलाने सर्वांत आधी तीच वाचावीत.